साक्षीच्या दिवशी मी पवनीला होतो

तीन घड्यांचा, हिरव्या कापडाचा आणि उघडताना करकरणारा मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. दवाखान्यात खाटेभोवती असतो ना, तसाच. पण मी उभा राहतो भंडारा जिल्ह्यातल्या एका न्यायालयात.

कारध्याच्या तुलाराम मिस्त्रींनी मला सागाच्या चौकटीत बसवलं. माझं काम सोपं. एखाद्या मोठ्या माणसाने लहान मुलाला नको तसा हात लावला, तर त्या मुलाला न्यायाधीशांसमोर सगळं सांगावं लागतं. सांगताना तो माणूस नजरेस पडू नये, म्हणून मी मधे उभा राहतो. माझ्या आडोशाने कितीतरी मुलं धीराने बोलली. "हा आहे म्हणून लेकरं बोलतात," असं सरकारी वकील सत्यवती मॅडम म्हणायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची.

साक्ष नसली की मात्र मी कोपऱ्यात. माझ्यावर छत्र्या वाळायच्या. अख्ख्या इमारतीत पडदा मी एकच, हे कुणाच्या ध्यानातही नसायचं. एकदा पवनीला रक्तदान शिबिर होतं, तर आदल्या दिवशी तिथले लोक मला मागायला आले. शिपाई इश्वर मनाने भला, कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नाही. "एका दिवसाचं तर काम आहे जी, घेऊन जा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणाची साक्ष आहे, हे त्याने पाहिलंच नाही.

त्या दिवशी एक मुलगी आजीचं बोट धरून आली. तिचं नाव, गाव मी सांगणार नाही. ते सांगायचं नसतं. पडदा नाही म्हटल्यावर इश्वर आणि महिला पोलीस रत्नमालाताईंनी टेबलावरचं कापड दोन्हीकडून ताणून धरलं. मुलगी बोलू लागली. तेवढ्यात उकडतंय म्हणून कुणीतरी पंखा वाढवला. कापड उडालं. पलीकडचा माणूस तिच्याकडे पाहून हसला. मुलगी जी गप्प झाली, ती झालीच. तारीख पुढे गेली. हे मला नंतर रत्नमालाताईंच्या तोंडून कळलं. त्या वेळी मी पवनीला चहाच्या टेबलाला आडोसा देत होतो.

पुढच्या तारखेला इश्वरने मला पुसून जागेवर उभं केलं, मागे खुर्ची मांडली. आजी एकटीच आली.

"पोरगी कुठं आहे, आजी?" मॅडमनी विचारलं.

"येतच नाही म्हनते जी. दोरीवरचं लुगडं हाललं तरी घरात पळते. तो कपड्यामागून पाहते म्हनते. कशी आनू मी तिले?"

इश्वरने मान खाली घातली. साक्ष झाली नाही, तर तो माणूस सुटेल आणि तिच्याच गल्लीत राहायला येईल. मॅडमनी हात जोडून आणखी एक तारीख मागून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारखे आणखी दोन-चार पडदे करून ठेवा. आणि मला उचलण्याआधी एकदा तरी विचारा, उद्या इथे कोणाचं लेकरू बोलणार आहे? पुढच्या तारखेला मी इथे असेन. ती येईल का, ते मला माहीत नाही.