नाण्याएवढं रबरी चाक

आमच्या अल्बमला चाळीस वर्षं झाली आणि त्यातली आठही गाणी अजून ताजी का वाटतात, यावर जो तो अक्कल पाजळू लागला. कंपनी अल्बम नव्याने काढणार होती, सोबत एक पुस्तिका. त्यासाठी एका समीक्षकाने अकरा पानं लिहून दिली. त्याच्या मते माझ्या वहिनींच्या स्वरात 'मोठं व्हायला नकार देणारं वय' आहे. एका मानसशास्त्रज्ञाने मेंदूचं चित्र जोडलं होतं, त्यात लाल ठिपके होते. मी या अल्बमचा ध्वनिमुद्रक. आठही गाणी मीच टेपवर घेतली, पण मला कुणी काही विचारलं नाही. ते बरंच होतं, कारण खरं कारण मला माहीत होतं. ते नाण्याएवढं होतं आणि रबराचं होतं.

टेप ओढायला यंत्रात एक रबरी चाक असतं. रोज सकाळी ते तपासायचं आणि देखभालीच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. त्यातली सही मी न चुकता करायचो. चाक झिजून घसरायला लागलं होतं, त्यामुळे टेप जरा हळू सरकत होती. त्याच यंत्रावर ऐकलं की सगळं ठीक वाटायचं, कारण ऐकतानाही ती तितकीच हळू सरकायची. टेप कारखान्यात गेली आणि इथेच घोड्याने पेंड खाल्ली. तिथलं यंत्र धडधाकट होतं. तबकड्या निघाल्या त्या थोड्या वेगात आणि अर्धा सूर वर. वहिनींचा आवाज एकदम कोवळा झाला, सतराअठरा वर्षांच्या मुलीसारखा. त्या तेव्हा तिशीला आल्या होत्या, कडेवर मूल होतं आणि आवाज चांगला भरदार होता.

चाली माझ्या दादाच्या होत्या. तबकडी ऐकून तो म्हणाला, काहीतरी वेगळं झालंय, पण झालंय छान. मग लोकही छान म्हणाले, वर्तमानपत्रंही छान म्हणाली. एवढे सगळे खूश असताना मी कशाला रंगाचा बेरंग करू? मी गुपचूप नवं चाक बसवलं आणि मूग गिळून बसलो.

वहिनींना मात्र मंचावर गावं लागायचं. त्या मूळ पट्टीत गायल्या की लोक तोंड वाकडं करायचे. रेकॉर्डवर वेगळं गाते आणि इथे वेगळं, म्हणायचे. म्हणून त्यांनी पट्टी अर्धा सूर चढवली, लयही वाढवली. स्वतःच्याच तबकडीची बरोबरी करायला त्या तीन वर्षं ताणून गायल्या आणि गळा गेला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. पुढे त्यांनी शाळेत मुलांना गाणं शिकवलं, दादा गेल्यावरही शिकवलं. घरी कुणी विषय काढला की त्या शांतपणे म्हणायच्या, माझा रियाज कमी पडला. मी तिथेच बसलेला असायचो. बहुतेक वेळा मी चहा आणखी मागायचो.

परवा दुपारी कंपनीच्या स्टुडिओत जुनी टेप संगणकावर चढवायचं काम चाललं होतं. ते करणाऱ्या मुलीने कानावरचे हेडफोन खाली घेतले आणि माझ्याकडे खुर्ची वळवली.

"सर, मागे विजेची बारीक गुणगुण आहे. ती नेहमी एकाच सुरात असते, पण इथे वर सरकलीय. तेव्हा टेपचा वेग चुकला होता का?"

चाळीस वर्षांत समीक्षकांना जे ऐकू आलं नाही, ते या पोरीला जेवणाच्या सुट्टीआधी ऐकू आलं. जुनी यंत्रं, काय सांगावं, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या अज्ञानावर लोक चटकन विश्वास ठेवतात. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

पण काचेपलीकडच्या खोलीत वहिनींची मुलाखत चालली होती आणि तिथला माईक आमच्या स्पीकरला जोडलेला होता. त्यांचा आवाज आला, "नाही हो, नशीबबिशीब काही नाही. रियाजात मीच कमी पडले."

मी उठून आत गेलो. मुलाखत घेणाऱ्याला चहा घ्यायला पाठवलं आणि वहिनींना सगळं सांगितलं. चाक, सही, कारखाना, सगळं. फार वेळ लागला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "ऐकवा."

मुलीने वेग दुरुस्त करून पहिलं गाणं लावलं. आवाज खाली उतरला, संथ झाला. वहिनी टेबलावर बोटाने ठेका धरून ऐकत होत्या. दुसऱ्या कडव्याला त्या हळूच गुणगुणल्या. आवाज खरखरीत होता, पण सूर नेमका जागेवर बसला.

"म्हणजे मला येत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. मला तो हक्क नव्हता, तरी आलं. वहिनींनी माझं सांत्वन वगैरे केलं नाही.

मुलीने विचारलं, बाहेर कोणतं काढायचं? वहिनी म्हणाल्या, लोकांना त्यांचंच द्या, हे माझ्या घरी पाठवा. मग त्यांनी समीक्षकाची अकरा पानं मागवली, त्यातलं एक वाचलं आणि छान लिहिलंय म्हणून परत केली. एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. गाणी ताजी का वाटतात ते तुम्ही लिहा, पुस्तिकेत पहिल्या पानावर तेच जाईल, असं त्यांनी बजावलं.

मी लिहिलं. चार ओळी झाल्या. शेवटी त्यांच्या गळ्याचंही लिहिलं.

"आता सही करा," वहिनी म्हणाल्या. "पण या वेळी आधी तपासून घ्या."

मी कागद दोनदा वाचला आणि मग सही केली.