निनाद सरांचं वय

निनादचं वय कुणी विचारलं की उत्तर द्यायला मनोरमाबाई आधी हजर. "वयाचं काय घेऊन बसलात? त्याचा काळा पट्टा बघा," असं त्या ठसक्यात म्हणायच्या, आणि लेकाला तोंड उघडायची सोयच राहायची नाही. मग ठरलेला किस्सा यायचा. पट्ट्याच्या परीक्षेच्या दिवशी निनाद पडला, कोपर सुजून टम्म झालं, तरी पठ्ठ्या पट्टा घेऊनच घरी आला. तेव्हा चार इमली वसाहतीत त्यांच्या ओळखीचं एकही घर पेढ्यांतून सुटलं नव्हतं, आणि किस्स्यातून तर नाहीच नाही.

आता निनाद कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना ज्युदो शिकवत होता. मुलं त्याला 'सर' म्हणायची. ते ऐकून मनोरमाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शेजारच्या सुचेताचा मात्र लेकीला तिथे पाठवायला जीव धजत नव्हता. "वहिनी, निनाद गुणी आहे, नाही कुठे म्हणते? पण त्याचंच अजून शिकायचं वय. आमची जुई एवढीशी."

"काकू, टेन्शन नका घेऊ," निनाद हसून म्हणाला. "गादीवर दोनदा हात आपटला की समोरच्याने सोडायचंच. ज्युदोचा पहिला नियम आहे हा."

"आणि मी आहे ना," मनोरमाबाई म्हणाल्या. "जुईला काही झालं तर मला जाब विचार."

सुचेताने त्या शब्दावर पोर पाठवली.

एका संध्याकाळी बाजारातून परतताना मनोरमाबाई सहज क्लासचा जिना चढल्या. लेकाला 'सर' झालेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दारात चपला काढून त्या कौतुकाने उभ्या राहिल्या. मुलं गोल करून बसली होती. मध्ये गादीवर जुई उताणी होती आणि निनादने तिचा हात आपल्या दोन्ही पायांत धरून कोपर ताणलं होतं.

जुईने दुसरा हात गादीवर दोनदा आपटला.

निनादने सोडलं नाही. "रोड पर कोई छोड़ेगा क्या?" त्याने मुलांना विचारलं. "नहीं, सर," मुलं एका सुरात म्हणाली. जुई पुन्हा हात आपटू लागली. तिचा चेहरा वाकडा झाला होता, पण तोंडातून आवाज निघत नव्हता. निनाद शांतपणे म्हणाला, "और थोड़ा. इसी से पक्के होते हैं."

मनोरमाबाई लेकाचा चेहरा बघत होत्या. रागाने म्हणावं तर त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो मन लावून शिकवत होता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. हातातली पिशवी टाकून त्या गादीवर धावल्या.

"निनाद, सोड तिला."

त्याने दचकून सोडलं. आपलं काय चुकलं तेच त्याला कळलेलं नव्हतं. त्याने मुलांना घरी पाठवलं तोवर जुईचं कोपर सुजायला लागलं होतं. मनोरमाबाईंनी रुमाल ओला करून त्यावर धरला. जुईने नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "काकू, आईला नका सांगू हं. मी पडले म्हणून सांगेन."

मनोरमाबाईंचा हात जागीच थांबला.

त्यांनी लेकाकडे पाहिलं. त्याचा उजवा हात त्या परीक्षेनंतर कधी पुरता सरळ झाला नव्हता. ती त्याची उभं राहायची ऐट आहे, असं त्या लोकांना सांगत आल्या होत्या.

"तू पडला होतास ना रे?"

निनाद खाली बघत पट्ट्याची गाठ चाचपत राहिला.

"सांग."

"आमच्या सरांनी सोडला नव्हता हात. मी आपटत होतो." त्याचा आवाज खाली आला. "सगळ्यांसोबत असंच करतात, आई. त्याच्यानेच तर तयार होतो माणूस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. तू पेढे आणायला निघाली होतीस."

त्यांना भडभडून आलं. ज्या किस्स्यावर त्या इतकी वर्षं मिरवल्या, तो त्यांच्या पोराच्या किंकाळीचा होता, आणि त्यांनी तो घरोघर गोड करून वाटला होता. पण रडत बसायला वेळ नव्हता. जुईला जवळ घेऊन त्या उठल्या. "आधी तिच्या आईकडे. मग सगळे मिळून डॉक्टरकडे. तूही चल."

रिक्षा करून ते सुचेताच्या दारात पोचले. सुचेताने दार उघडलं आणि तिची नजर आधी लेकीच्या हातावरच गेली.

"आई, मी पडले," जुई म्हणाली.

"नाही, काकू." निनाद पुढे झाला. "तिने हात आपटला होता. मीच सोडलं नाही."

सुचेताने जुईला पोटाशी धरलं. तिने निनादकडे पाहिलं, जणू त्याला आज प्रथमच पाहत होती. मग तिने विचारलं, "तुझं वय काय रे?"

सवयीने मनोरमाबाईंचं तोंड उघडलं. त्यांनी ते मिटून घेतलं आणि लेकाच्या पुरता सरळ न होणाऱ्या त्या हातावर आपला हात ठेवला.

"एकोणीस," निनाद म्हणाला.