तात्यांच्या घरचा रस्ता

आमच्या गावाला नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. बाकी एस.टी. स्टँडपासून समुद्रापर्यंत एकच रस्ता. त्या रस्त्यावर पत्ता विचारलात, तर आधी तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात ते सांगायचं; मग पत्ता मिळणार. माझं शिवणाचं दुकान स्टँडसमोरच, तेव्हा पहिली चौकशी माझी.

गोगट्यांच्या तात्यांची दुर्गा शाळेत शिकवायची. लहानपणी वाडीतल्या रातांब्याच्या झाडावरून पडली, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायची. पंचविशी उलटली तरी लग्न जमेना, आणि तात्यांना दुसरा घोर नव्हता.

साठ सालच्या दिवाळीनंतर पेणहून पाहुणे तिला बघायला आले. मी पत्ता सांगितला आणि म्हटलं, "मुलगी सोन्यासारखी आहे हो. पायाचं काही मनात आणू नका." पुढे रावजी पानवाला म्हणाला, "आता पुष्कळ बरं आहे तिचं." कोकिळा कोळीण तर डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्याबरोबर चालायलाच लागली. "पडली तवा आमाला वाटला, गेलीच! पन जगली बगा."

तात्यांच्या दारात पोचेपर्यंत पाहुण्यांचे चेहरे उतरले होते. पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

तात्या तणतणत दुकानात आले. "लेको, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" आता भलं करायला गेलो होतो आम्ही, पण तोंडच आवरत नाही त्याला काय करणार!

पुढच्या खेपेला पालीची मंडळी येणार होती. सगळ्यांनी ठरवलं, शब्द काढायचा नाही. मी नुसतं बोट दाखवलं. रावजी मान खाली घालून पानाला चुना लावत बसला. कोकिळा तोंडाला पदर लावून बाजूला झाली. मुलाचा बाप भर रस्त्यात थांबला. "अख्खं गाव काहीतरी लपवतंय," म्हणाला, आणि आलेल्या पावली मंडळी स्टँडवर परतली. तात्यांकडे पोहे तसेच राहिले. तात्या रडले म्हणे. मलाही फार वाईट वाटलं.

त्यानंतर रोह्याचा मुलगा आणि त्याची आई यायची होती. एस.टी. थांबली, तर स्टँडवर दुर्गा उभी! शाळेतलंच साधं पातळ नेसलेली. "मीच दुर्गा," म्हणाली. "चला, घर दाखवते." अहो, मुलगी स्वतः पाहुण्यांना आणायला जाते, हे आमच्याकडे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

ती पुढे चालू लागली, पाय ओढत, नेहमीसारखी. माझ्या दुकानासमोर मुलाची आई थांबली. मी मनात म्हटलं, झालं, ही पण फिरणार मागे.

"पडली होतीस का गं?"

"हो. लहानपणी, झाडावरून."

"अजून दुखतो का?"

दुर्गाचे डोळे भरून आले. मग म्हणाली, "पावसाळ्यात फार दुखतो."

लग्न वैशाखात झालं. तिची पोलकी मीच शिवली. परकरही तिचे सगळे मीच शिवत आलो होतो, आणि पाय दिसू नये म्हणून न सांगता बोटभर लांब ठेवत आलो होतो. तो दुखतो, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.