अठ्ठावीस एप्रिलची नोंद

नागापूर एमआयडीसीतली ती छोटी कंपनी पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनचे प्रोग्राम लिहायची. सत्यशीला तिथं रुजू झाली तेव्हा कोड पेनड्राइव्हवर फिरत असे, ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरंच फायनल’ अशा फोल्डरांतून. थट्टा सोसून तिनं गिट बसवलं. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद त्यात राहू लागली. कारण लिहिल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही, हा नियमही तिचाच.

मे महिन्यात सुप्याच्या एका कारखान्यात याच कंपनीचा प्रोग्राम असलेल्या प्रेसवर पुष्पावतीबाईंची दोन बोटं गेली. हात आत असताना सेन्सरनं मशीन थांबवायला हवं होतं. ते थांबलं नव्हतं.

सत्यशीलानं नोंदी चाळल्या. अठ्ठावीस एप्रिलला तिचे वरिष्ठ सुनीलसर यांनी सेन्सरची तपासणी बंद केली होती. कारणही त्यांनीच लिहिलं होतं: ‘वेग वाढवण्यासाठी, भागवतसाहेबांच्या सांगण्यावरून.’

कंपनीचे मालक भागवतसाहेब यांनी दुपारी तिला केबिनमध्ये बोलावलं. उद्या चौकशी अधिकारी येणार होते. बाईंनीच निष्काळजीपणा केला असं आपण म्हणू, तेवढी नोंद काढून टाक, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सुनीलसर खाली बघत बसले होते.

सत्यशीलाची आई ऊसतोडीला जायची. कोयत्यानं तिचं बोट गेलं तेव्हाही मुकादमानं तिलाच दोष दिला होता.

“काढता येत नाही का?” साहेबांनी विचारलं.

“येतं. मी न्हाई काढणार.” ऑफिसात जपून बोलणारीच्या तोंडी गावची बोली आली, आणि तिनं ती सुधारली नाही. “इथल्या पाचही कॉम्प्युटरवर पूर्ण इतिहास हाय. कुठं कुठं पुसाल?”

जागेवर येऊन तिनं तो बदल उलटवला आणि कारण लिहिलं: ‘सेन्सर बंद असल्यानं कामगाराची बोटं गेली. तपासणी पुन्हा चालू.’ मग लॅपटॉप घेऊन तिनं सुप्याची एसटी धरली. तोच प्रोग्राम तिथल्या आणखी चार मशीनवर होता. वेग कमी होईल म्हणून कारखान्याचा मॅनेजर कुरकुरला. तिनं ऐकून घेतलं, दुरुस्त प्रोग्राम चढवला आणि प्रत्येक मशीनमध्ये लाकडी पट्टी घालून बघितली. चारही जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. उद्यापासून येऊ नकोस, असं साहेबांनी तिला दारातच सांगितलं. ती तरीही आत जाऊन बसली आणि नोंद उघडली. तेवढ्यात सुनीलसरांनी शेजारी खुर्ची ओढली.

“हा बदल माझा आहे,” ते म्हणाले. “मीच सांगतो.”

“सांगा,” सत्यशीला म्हणाली. लॅपटॉप मात्र तिनं आपल्यापुढंच ठेवला.