शेवटी सापडतो का?

चर्चच्या मागच्या खोलीत दोन कपाटं आहेत. एकात गायनवृंदाचे झगे असतात, दुसऱ्यात पुस्तकं. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. ती मी मागितली नव्हती. आधी ज्यांच्याकडे होती ते मुलाकडे राहायला गेले, आणि पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं, 'कोण घेईल?' मी मान खाली घालून बसलो होतो. मान खाली घालून बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक असावं.

शनिवारी दुपारी मी खोली उघडतो, पुस्तकांवरून फडकं फिरवतो आणि खुर्चीत बसतो. कपाटात बहुतेक कादंबऱ्या आहेत, आमच्या धर्मातल्यांनी आमच्यासारख्यांसाठीच लिहिलेल्या. काही ऐतिहासिक. त्यात रोमी शिपाई असतात, तळघरातल्या प्रार्थना असतात, मालकिणीला शुभवर्तमान ऐकवणारी गुलाम मुलगी असते. बाकीच्या रहस्याच्या. पाळकाची मुलगी नाहीशी होते, मृत्युपत्र सापडत नाही, दीपगृहातला दिवा कोणीतरी विझवून ठेवतं. नायक संकटात गुडघे टेकतो आणि लवकरच कुठलं तरी दार उघडतं. मी ज्या थोरल्या बहिणीबरोबर राहतो, ती यांना 'तुझी आमेन-पुस्तकं' म्हणते. मी वाद घालत नाही. मला ती आवडतात. आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या, म्हणून असेल. किंवा मला चांगलं-वाईट कळत नाही म्हणूनही असेल.

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. त्या जन्मभर मोठ्या इस्पितळात नर्स होत्या, म्हणून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.

'अहो लायब्ररीवाले, रहस्याचं काहीतरी द्या. पण नीट द्या. मागे पाळकीणबाईंनी दिलं होतं, त्यातल्या खुन्याला पहिल्याच पानावर घाम फुटलेला.'

मी दीपगृहाची कादंबरी काढून दिली. ती मला मनापासून आवडलेली होती, पण तसं बोलून दाखवायचं सुचलं नाही.

'यात काय होतं?'

'रखवालदाराचा मुलगा नाहीसा होतो.'

'शेवटी सापडतो का?'

मी गडबडलो. 'ते सांगायचं नसतं. म्हणजे, मजा जाते.'

'माझी मजा मी बघून घेईन,' असं म्हणून त्यांनी पुस्तक मागून उघडलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. माझ्यादेखत कोणी दुसऱ्याचं पाकीट फोडावं तसं मला झालं. 'सापडतो,' त्या म्हणाल्या. 'चालेल. नेते.'

घरी आल्यावर मी ताईला हे सांगितलं. सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

'अरे, तुझं लक्ष असतं कुठे? तिचा मुलगा नाही का निघून गेला? बापाशी कडाक्याचं भांडला आणि गेला. बाप वारला तरी आला नाही. त्याला कळलं तरी की नाही, कोण जाणे. आणि तू तिला मजा शिकवतोयस.'

पुढच्या शनिवारी सिस्टर आल्या तेव्हा मी पाळकाच्या मुलीचं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, 'सापडते. तापाने फणफणलेली असते, पण सापडते.'

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग समोरची घडीची खुर्ची उघडून बसल्या. गेल्या वेळी त्या बसल्या नव्हत्या.

'घरी सांगितलं वाटतं कोणी.'

मी फडक्याची घडी घातली.

'वॉर्डात कसं असतं,' त्या म्हणाल्या, 'पेशंट घरी जातो, नाहीतर खाली जातो. खाली म्हणजे कळलं ना? वाईट वाटतं. पण कॉट रिकामी होते, चादर बदलतो आपण, दुसरा येतो. माझं पोरगं ना घरी आलं ना खाली गेलं. एक गोष्ट अशी अर्धी पडलीय घरात, तिथे तुमची अजून एक कशाला नेऊ?' मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं. 'कशाने येतो ताप?'

'शेवाळलेलं पाणी पिते.'

'त्याने जुलाब होतात,' त्या म्हणाल्या आणि पुस्तक पिशवीत टाकून गेल्या.

तेव्हापासून माझं वाचन बदललं. खुनी कोण, मृत्युपत्र कुठे लपवलंय, याच्याशी मला देणंघेणं राहिलं नाही. मी फक्त एवढंच बघायचो की जो हरवलाय तो शेवटी घरी येतो की नाही. एखाद्या कादंबरीत मध्यावर प्रेत सापडलं की मी पुस्तक मिटून ठेवायचो. लेखकाने त्या माणसाला मारलं याचं मला फारसं काही वाटत नसे; आता हे पुस्तक सिस्टरांना देता येणार नाही, याचं वाटे. आठवडाभर मी त्यांच्यासाठी शेवट गोळा करत असायचो. शनिवारी त्या बसायच्या, मी सांगायचो, त्या ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, 'हा वकील मला पहिल्यापासूनच आवडला नव्हता.' त्यांनी ते पुस्तक उघडलेलंही नसे.

ताईच्या नजरेतून काही सुटत नाही.

'शनिवारी दाढी बरी करतोस.'

'लोक येतात.'

'कोण लोक? सिस्टरच ना? सिस्टर म्हणतोस तिला, मग बहिणीकडे जाताना कोणी गाल घासतं का एवढे? माझ्यासमोर तर आठवडाभर साळिंदर होऊन फिरतोस.'

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मग ते पुस्तक आलं. कोणीतरी घर बदलताना खोक्यात भरून चर्चला देऊन गेलं होतं. एका बंदराच्या शहराची गोष्ट. काळ छळाचा आहे. सम्राटाचे शिपाई घरोघर जाऊन पवित्र ग्रंथ जाळताहेत. एक मुलगा ग्रंथाच्या नकला करतो म्हणून पकडला जातो आणि समुद्रापलीकडे तांब्याच्या खाणीत पाठवला जातो. त्याची आई शिडं शिवते. पुढे सम्राट मरतो, नवा येतो, कैद्यांना सोडण्याचा हुकूम निघतो आणि बोटी यायला लागतात. प्रत्येक बोटीच्या वेळी ती हातातली सुई शिडात खोचून धक्क्यावर जाते. शेवटच्या पानावर एक बोट लागते, उतरायची फळी टाकतात, आणि तिथे लेखक थांबतो. त्यापुढे कोरं पान.

इतकं चांगलं पुस्तक मी वर्षानुवर्षांत वाचलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं. ते संपल्यावर ज्या एका माणसाला सांगावंसं वाटलं, त्यालाच ते देता येत नव्हतं. मी खूप विचार केला. दिलं तर त्यांना लागेल, आणि मग त्या खुर्चीत बसणार नाहीत. नाही दिलं तर त्यांच्याशी बोलताना तोंडातला घास लपवून ठेवल्यासारखं होईल. शेवटी मी ते वरच्या फळीवर, जुन्या गीतपुस्तकांच्या मागे सरकवलं.

पाळकीणबाईंना गीतपुस्तकं नेमकी त्याच शनिवारी हवी झाली. स्टुलावर चढून त्यांनी गठ्ठा ओढला आणि तो पुस्तकासकट खाली आला.

'अगंबाई, हे इथे कसं?' त्या म्हणाल्या. 'आमच्या घरी सगळ्यांनी वाचलं हे. सिस्टर, तुम्ही तर वाचायलाच हवं. आईची काय व्यक्तिरेखा आहे!' आणि पुस्तक सिस्टरांच्या मांडीवर ठेवून त्या गीतपुस्तकं घेऊन गेल्याही.

सिस्टरांनी वेष्टणावरचा मजकूर वाचला. त्यात सगळं लिहिलेलं होतं: मुलगा, खाण, आई.

'सापडतो का शेवटी?'

'मला माहीत नाही,' मी म्हणालो.

'वाचलं नाहीत?'

'वाचलं.'

'पूर्ण?'

'पूर्ण. परत परत वाचलंय.'

त्यांनी ते मागून उघडलं नाही. पिशवीत टाकलं, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी उपासनेला दिसायच्या, पण शेवटचं गीत संपायच्या आत निघून जायच्या. मी खोलीत बसून दाराकडे कान लावायचो. एक तरुण जोडपं आलं, लग्नाविषयी काही वाचायला आहे का म्हणून विचारत होतं. त्यांना मी चुकून तुरुंगातल्या धर्मोपदेशकाचं पुस्तक दिलं. माझं उत्तर सिस्टरांना लागेल, हे मला कळायला हवं होतं. 'नेऊ नका' एवढं म्हणता आलं असतं. नाहीतर सरळ सांगता आलं असतं की बोट येते आणि गोष्ट थांबते. पण त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मला खरं वाटत होतं.

'जा की मग तिच्या घरी,' ताई म्हणाली.

'काय म्हणून जाऊ?'

'पुस्तक मागायला. लायब्ररीवाला आहेस ना? का लायब्ररी फक्त बसून चालवायची असते?'

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर मी थांबलो आणि परत फिरलो, पण खालून दूधवाला वर येत होता आणि जिना अरुंद होता. त्याला वाट देण्यापेक्षा वर जाणं सोपं होतं.

दार उघडंच होतं. सिस्टर टेबलावर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वर हात फिरवून. टेबलाच्या कडेला ते पुस्तक होतं. खूण म्हणून बँडेजची पट्टी घातलेली होती, अगदी शेवटाजवळ.

'पुस्तक मागायला आलात?'

'नाही. म्हणजे हो. कोणीतरी विचारत होतं.'

'कोण?'

मी वाकून चपला काढायला लागलो.

'बसा,' त्या म्हणाल्या. त्यांनी एक चादर संपवली, दुसरी घेतली. 'मला वाटलं, मेला असणार तो मुलगा. आणि हे सांगायला घाबरताहेत, म्हणून माहीत नाही म्हणताहेत. मला राग आला तुमचा. वॉर्डात नातेवाईकांशी आम्ही असंच बोलायचो. डॉक्टर येतील, ते सांगतील. माझ्याशी तसं कोणी बोलू नये.'

'मेलेला नाही,' मी म्हणालो. 'आलेलाही नाही. बोट लागते, फळी टाकतात. तिथे संपतं.'

'तिथे?'

'हो.'

'कोणी उतरत नाही?'

'उतरायच्या आधी.'

त्या चादर धरून उभ्या राहिल्या. 'आणि अशा गोष्टीचे त्या माणसाला पैसे दिले कोणी?' असं म्हणून त्या हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. 'शेवटचं पान वाचलं नाही मी. जन्मात पहिल्यांदा. आधी रागाने उघडलं नाही. मग पुढून वाचत वाचत तिथवर आले, तर हातच जाईना. ती तिथे उभी आहे, मी पण उभी आहे. बरं चाललंय, म्हटलं. कोणीतरी सोबत आहे.'

चादर टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, 'तुम्हाला काय वाटतं? उतरला असेल?'

खरं बोलायचं की बरं वाटेल असं, ते मला ठरवता आलं नाही. मी आठवत गेलो तसं सांगितलं.

'पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, उतरला. पुढच्या वेळी वाटलं, नाही. मग मात्र मी बोटीकडे बघितलंच नाही. तिच्याकडेच बघत होतो.'

माझे कान तापले. सिस्टरांनी चादरीचा कोपरा जुळवला. तो आधीच जुळलेला होता.

'वाचून दाखवा,' त्या म्हणाल्या.

चर्चमध्ये मी कधी शास्त्रपाठ वाचायला उभा राहिलेलो नाही. माझा आवाज कापतो. त्या दिवशीही कापला. पान लहान होतं. शिडात खोचलेली सुई, धक्क्यावरची गर्दी, दोरखंड, फळी. वाचून झाल्यावर मी वर पाहिलं नाही.

'पुन्हा,' त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. या वेळी आवाज जरा बरा लागला.

मी निघालो तेव्हा त्यांनी पुस्तक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथे एक कॉट दिसली, वर ताणून घातलेली चादर.

'ते परत मिळणार नाही,' त्या म्हणाल्या.

'चर्चचं आहे ते.'

'मग मागायला येत जा. तुमची खोली बंद झाली की.'

म्हणून मी जातो. शनिवारी कपाटाला कुलूप लावतो आणि दोन जिने चढतो. पाळकीणबाई त्या पुस्तकाची चौकशी करतात तेव्हा मी म्हणतो, वाचकाकडे आहे. ताई तर आता काही विचारतसुद्धा नाही. शनिवारी माझा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावते आणि माझ्याकडे बघतही नाही, ते मला जास्त कठीण जातं. मी पुस्तक मागतो, सिस्टर 'अजून नाही' म्हणतात, आणि चहा ठेवतात. मग मी त्या आठवड्यात वाचलेल्या कादंबरीचा शेवट सांगायला लागतो. मला त्यांना दुसरंही काही सांगायचं असतं. ते कुठून सुरू करायचं, हे अजून कळलेलं नाही.

मधेच जिन्यावर पावलं वाजतात. तरुण माणसाची, भराभर चढणारी. मी बोलायचा थांबतो. सिस्टर कप हातात तसाच धरून दाराकडे बघत राहतात. पावलं दारापाशी येतात, वळतात आणि वरच्या मजल्यावर जातात. वर कुठेतरी किल्ली फिरते.

सिस्टर कप खाली ठेवतात.

'हं,' त्या म्हणतात, 'मग त्या वकिलाचं काय झालं?'