बकरम लावलेली विजार

मास्तरांच्या हातचे कपडे घालून आरशासमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक कधी नाराज झालं नाही. सुटलेलं पोट आत जायचं, उतरलेला खांदा वर यायचा. "देवानं कसंही घडवू दे, शिंपी बसलाय ना इथे," असं म्हणताना मास्तरांची छाती जरा जास्तच फुगायची.

म्हणून लेकीचे पाय गुडघ्यांत बाहेरच्या बाजूला वाकताहेत हे लक्षात आलं, तेव्हा या शहाण्यानं उचलली ती टेप. चिमणी तेव्हा चार वर्षांची. बायको सकाळीच कारखान्यात जायची, त्यामुळे पोरीचा दिवस तळघरातल्या दुकानात, ट्यूबलाइटखाली, चिंध्यांशी खेळण्यात जायचा.

"अहो, डॉक्टरांना दाखवू या का?" बायकोनं विचारलं.

"काही नको. वाढीला लागली की होतील सरळ."

खरं कारण वेगळंच होतं. चारचौघांत कुणी लेकीच्या पायांकडे बोट दाखवलेलं त्यांना सोसलं नसतं. त्यांनी सैल विजार बेतली, आतून बकरमचं कडक अस्तर लावलं आणि शिवण अशी उतरवली की पाय नाकासमोर सरळ दिसावेत. "विजार वर करायची नाही हं," असं पोरीला बजावूनही ठेवलं. पुढे बालवाडीत आरोग्य तपासणी झाली तेव्हाही कुणाला काही कळलं नाही, आणि मास्तर त्या दिवशी चक्क खूश होते.

दीड वर्षानं चिमणी जिना चढताना रडायला लागली. तेव्हा मात्र बायकोनं कुणाला न विचारता खाडा केला आणि दोघांनाही डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"विजार सुरेख शिवलीय," बाई म्हणाल्या. "काढ बघू."

कौतुकावर मास्तरांची छाती पहिल्यांदाच फुगली नाही. विजार उतरली. बाईंनी पाय पाहिले, मनगटं चाचपली, हाडांचा फोटो काढून आणायला लावला.

"मुडदूस आहे. ड जीवनसत्त्व मिळालं नाही, हाडं मऊ राहिली आणि वजनानं वाकली. कधीपासून आहे हे?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"दीड वर्ष," मास्तर म्हणाले. "मला दिसत होतं. मीच झाकलं."

बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी दोष न देता औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली, ते तर आणखीच लागलं.

"तेव्हाच आणली असती तर सोपं होतं. आता औषधानं पाय बरेच सुधारतील, पण पूर्ण सरळ होतील असं वचन मी देत नाही. औषध चुकवू नका. आणि रोज उन्हात खेळू दे तिला, पाय उघडे ठेवून."

घरी येऊन मास्तरांनी आखूड चड्डी शिवायला घेतली. दहा मिनिटांचं काम, पण सुईत दोरा जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिमणीला मैदानात घेऊन गेले. लख्ख ऊन पडलं होतं, पोरं चेंडूमागे धावत होती. चिमणी मात्र चड्डी खाली ओढत त्यांच्या मागे दडली.

"जा ना बाळा, खेळ."

"नको बाबा. पाय दिसतील सगळ्यांना."

"दिसू देत की."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मग तुम्हाला लाज वाटेल ना."

मास्तर मटकन खाली बसले. लेकीचे दोन्ही पाय पोटाशी धरून, भर मैदानात, सगळ्यांच्या देखत, ते ओक्साबोक्शी रडले.