कुपाचा रस्ता

रविवारी सकाळी साडेसहाला कुलदीपनं छोटा हत्ती टेम्पो जंगलाच्या नाक्यापाशी उभा केला, मागची सायकल उतरवली आणि बहिणीसाठी न थांबता आडव्या दांड्याखालून निघूनही गेला. रागिणी अजून बुटाच्या नाड्याच बांधत होती.

"तुह्या भावाच्या पायाले चाकं हायेत का वं?" नाक्यावरचे बुधाजी हसले. मग त्यांनी सांगितलं, "सांभाळून जा. आज कुपातून लाकडाच्या गाड्या उतरतीन. मनोजची गाडी हाय. तो रातीच वर गेला."

रागिणीचा हात नाडीवर थांबला. "कोणता मनोज?"

"परतवाड्याचाच. कुलदीप वळखते त्याले."

रागिणीही ओळखत होती. कुलदीप अकरा वर्षं प्यायला, त्यातली निम्मी वर्षं मनोजच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून. पण कुलदीपला जाऊ नको म्हणणार कसं? तो तर वळणाआड गेला होता.

परतवाड्यात कुलदीपचं शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. गेल्या एप्रिलमध्ये त्याला अकोल्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दोन महिन्यांनी तो परत आला तेव्हा दारू सुटली होती, पण त्याचं बसणंही सुटलं होतं. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता उठायचा, चार वेळा रस्ता ओलांडून यायचा, जेवताना ताट हातात घेऊन अंगणात फिरायचा. डॉक्टर म्हणाले, शरीर थकवा. म्हणून त्यानं अकोल्याहूनच जाड टायरची एक जुनी गिअरची सायकल आणली. रागिणी अमरावतीत एका खासगी दवाखान्यात नर्स होती, कॉलेजात असल्यापासून पळायची. ती त्याला म्हणाली होती, "दादा, तू जोपर्यंत सायकल चालवशीन, तोपर्यंत दर रविवारी मी तुह्या संगं पळीन."

आठ महिने तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. शनिवारी ड्युटी संपली की एसटीनं परतवाडा, आणि पहाटे जंगल. जंगलखातं दरवर्षी ज्या तुकड्यात साग तोडायला काढतं त्याला कूप म्हणतात. तिथपर्यंत लाकडाच्या गाड्यांसाठी मुरूम आणि गिट्टी टाकून रस्ता केलेला असतो. सतरा किलोमीटरचा तो रस्ता दोघांना पाठ झाला होता. रागिणी एका चालीनं पळायची. कुलदीपला तिच्या चालीनं चालवणं जमायचं नाही. तो पुढे जायचा, वळून मागे यायचा, तिच्याभोवती चक्कर मारून पुन्हा पुढे जायचा. ती बारा पळेपर्यंत त्याचे वीस व्हायचे.

आणि आता तिला जर्मनीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. वर्षभर ती भाषा शिकत होती, परीक्षा झाली, कागद आले. वीस एप्रिलला निघायचं. फेब्रुवारी संपत आला तरी कुलदीपला हे माहीत नव्हतं. साधनावहिनीला माहीत होतं. वहिनी दर शनिवारी रात्री डोळ्यांनीच विचारायची आणि रागिणी मान हलवून नाही म्हणायची.

आज सांगायचंच, असं ठरवून ती निघाली होती. सागाची पानं गळून गेली होती, खाली वाळून पडलेली मोठमोठी पानं नुसत्या वाऱ्यानंही वाजत होती. चौथ्या किलोमीटरला कुलदीप मागे आला. तिनं मनात वाक्य तयार केलं. "पुढं रानगव्याचे खूर हायेत," असं सांगून तो गेला. सातव्याला पुन्हा आला. "पाणी पी," म्हणाला आणि गेला. तिचं वाक्य दर वेळी छोटं होत चाललं होतं. दादा, मी जाणार आहे. एवढंच.

बाराव्या किलोमीटरला तो उतारावरून भरधाव तिच्याकडे येताना दिसला. तोंडावर घाम, दात दिसत होते, खुशीत होता. आता, असं म्हणून तिनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि पायाखालचा दगड सरकला. उजवा पाय आत मुडपला. आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

कुलदीपनं सायकल तशीच टाकली आणि धावत आला. "उठू नको. उठू नको, मी म्हणतो!"

तिनं बोटांनी घोटा दाबून पाहिला. बाहेरच्या बाजूचं हाड. रोज दुसऱ्यांचे घोटे पाहणारी ती, तिला एक्स-रेची गरज नव्हती. पिशवीतला पट्टा काढून तिनं दोन काड्या लावून पाय बांधून घेतला. धरायला दिलेल्या काड्या कुलदीपच्या हातातून दोनदा निसटल्या. फोनला रेंज नव्हती. तिथं कधीच नसायची.

"मी कुपात जातो," तो म्हणाला. "पाचच किलोमीटर. गाडी घेऊन येतो."

"नाक्यावर जाय ना, दादा. बुधाजी कोणाले तरी पाठवतीन."

"नाका बारा किलोमीटर हाय! काय बोलून राहिली तू? गाडी वर उभी असताना मी खाली काहून जाऊ?"

मनोज हे नाव ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. त्यानं तिला उचलून रस्त्याच्या कडेला धावड्याच्या खोडाशी बसवलं, स्वतःची पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि गेला. सव्वाआठ झाले होते.

पाच किलोमीटर चढ, म्हणजे त्याला फार तर अर्धा तास. गाडी उतरायला तेवढाच. साडेनऊपर्यंत यायला हवा होता.

साडेनऊ झाले. दहा झाले.

रागिणीला एका जागी बसायची सवय नव्हती. दवाखान्यात बारा तास उभी, घरी आली की खोली झाडायला घ्यायची. आता पाय ठणकत होता आणि बाकीचं सगळं शरीर उठून पळायला पाहत होतं. समोर माकडं एका झाडावरून दुसऱ्यावर गेली. पानांत काहीतरी चाललं की ती दगड हातात घ्यायची. घोरपड निघाली, मग रानकोंबडी. पण तिला जनावराची भीती कमी वाटत होती. तिच्या डोळ्यांसमोर ट्रकची केबिन होती, मनोज होता, आणि सीटमागून काढलेली बाटली. ज्याच्या हातात साध्या काड्या ठरल्या नाहीत असा माणूस. त्याला घाबरवून वर पाठवलं ते आपणच.

साडेदहाला ती खोडाला धरून उठली. एका पायावर चार उड्या मारल्या आणि डोळ्यांपुढे काळोखी आली. मग ती रस्त्यावर बसली आणि हातांवर भार देऊन मागे मागे सरकू लागली, नाक्याच्या दिशेनं. गिट्टीनं तळवे सोलले. अर्ध्या तासात किती गेलो म्हणून तिनं पाहिलं, तर ते धावड्याचं झाड तिथंच समोर होतं, दगड मारला तर लागेल इतकं जवळ. ती मोठ्यानं रडली. कोणी ऐकणारं नव्हतं म्हणून शिव्याही दिल्या. आधी दगडाला, मग मनोजला, मग कुलदीपला. आठ महिने! शनिवारच्या किती ड्युट्या बदलून घेतल्या, मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाही, तापात पळाली. आणि तरीही आत्ता, या घडीला, तिचा त्याच्यावर एका पैशाचा भरवसा नव्हता.

सव्वाबाराला वरून इंजिनाचा आवाज आला. पहिल्यांदा सायकल दिसली. तिच्यामागे सागाचे ओंडके भरलेला ट्रक, पहिल्या गिअरमध्ये कण्हत.

कुलदीप उतरला. शर्ट फाटला होता, खांद्याला सालीचा भुसा लागला होता, डोळे लाल. "तू इथं कशी आली? झाडापाशी बसवलं होतं ना तुले?" म्हणत तो वाकला, तिला उचलायला. त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ आलं आणि रागिणीनं श्वास आत ओढला. मुद्दाम नाही. पण ओढला.

तो तसाच वाकलेला थांबला. "हुंगून राहिली का मले?"

तिनं मान फिरवली.

"हुंग. नीट हुंग." त्यानं तोंड उघडून तिच्यासमोर धरलं. घामाचा वास होता, तंबाखूचा नव्हता, दारूचा नव्हता. "गाडी अर्धी भरली होती. साखळी न बांधता हालवली असती तं ओंडके सुटून केबिनवर आले असते. माणसं कमी होती. मी खांदा लावला. तीन तास लावला, रागिणी! तू इथं पडली हाय म्हणून एक एक ओंडका मोजत होतो मी."

"मले काय मालूम, दादा—"

"मनोजनं गिलास देल्ला. हेही सांगतो, मंग विचारू नको. हातात घेतला होता म्या." तो सरळ उभा राहिला. "घेतला होता. मंग ठेवला खाली."

मनोज केबिनमधून उतरून लांबच उभा होता. कुलदीप थकून धापा टाकत होता, तिच्या दोन्ही तळव्यांतून रक्त येत होतं. बोलायला याहून वाईट वेळ सापडली नसती. पण सकाळपासून घशात अडकलेलं ते वाक्य आता थांबेना.

"दादा, मी जर्मनीले चालली. नोकरी लागली. वीस एप्रिलले जायचं हाय."

त्याला आधी कळलंच नाही. "कुठी?"

"जर्मनीले. तीन वर्षांसाठी. पुढं वाढूही शकते."

"कवापासून मालूम हाय तुले?"

"डिसेंबरपासून."

"अजून कोणाले?"

तिनं खाली पाहिलं. "वहिनीले."

कुलदीपनं मान डोलावली, दोनदा, तीनदा, जणू एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकत होता. मग त्यानं तिला उचललं, केबिनमध्ये नेऊन बसवलं, पाय नीट लांब करून दिला आणि दार लावलं. मनोज म्हणाला, "सायकल टाक ना वर लाकडावर, चाल बस." कुलदीपनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ट्रक निघाला तसा तो मागे सायकलवर निघाला.

सतरा किलोमीटरमधले बारा त्यानं त्या धुळीत चालवले. आरशात कधी दिसायचा, कधी नुसता लाल धुरळा. पुढे जाऊन वळून येणं आज त्याला शक्य नव्हतं. रस्ता गाडीनं भरला होता.

एका वळणानंतर मनोज म्हणाला, "ताई, मी सवयीनं देल्ला त्याले गिलास. चूक झाली माही."

"त्यानं घेतला होता म्हणे हातात."

"हो. लय वेळ धरून होता. माह्याच्यानं पाहवलं नाही, मीच तिकडं पाठ केली. वळून पाहतो तं गिलास बोनटवर, भरलेला, अन् हा ओंडक्याखाली खांदा घालून." नाका आला तेव्हा बुधाजींनी धावत येऊन दांडा वर केला.

हाड मोडलंच होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. जर्मनीच्या दवाखान्याला कळवलं. त्यांनी तारीख जूनवर नेली. रागिणी रजा टाकून परतवाड्याला भावाच्या घरी राहिली. कुलदीप तिला दोन्ही वेळा धरून मोरीपर्यंत न्यायचा, गोळ्यांची आठवण करायचा, पण याशिवाय बोलत नव्हता. साधनावहिनीशी तर तेवढंही नाही.

पहिल्या रविवारी पहाटे त्यानं छोट्या हत्तीत सायकल चढवली आणि एकटाच गेला.

दोघी नणंद-भावजया ओसरीवर बसल्या. दहाला तो यायला हवा होता. साधनानं तूर निवडायला घेतली आणि निवडलेलीच पुन्हा निवडली. बारा वाजले. रागिणीनं नाक्यावर फोन लावला. बुधाजी म्हणाले, वर गेला तो उतरला नाही. दोन वाजता साधना उठून आत गेली आणि देवघरापाशी नुसती उभी राहिली. रागिणी कुबडी घेऊन फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. फाटकापर्यंत आणि परत.

चार वाजता गाडी आली. कुलदीप उतरला, नळाखाली डोकं धरलं आणि ओल्या केसांनी येऊन रागिणीसमोर पायरीवर बसला.

"कूप ओलांडून पुढं गेलो होतो," तो म्हणाला. "पुढं रस्ता नाही. नुसती चाकोरी हाय. सायकल खांद्यावर घ्या लागली."

"आमी काय समजावं, दादा, सांग ना! दहाले येणारा माणूस..."

"तेच सांगून राहिलो." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तू इथं असली तरी तू हेच समजशीन. साधनाही हेच समजते. मी अर्धा घंटा उशीर केला की तुमी दोघी मेल्यावानी होता. तू संगं पळत होती तं मले वाटे, ही पहारा देऊन राहिली. राग ये मले. चांगलंही वाटे. दोन्ही."

"मंग मी जाऊ का नको?"

"जाय ना. पण मले हे इचारू नको की दादा, पिशील का. मले नाही मालूम. आज नाही पेलो. एवढंच हाय माह्याजवळ." तो उठला, आणि आत जाता जाता ओरडला, "साधना, भूक लागली हाय!" आठवड्यानंतर पहिल्यांदा त्यानं बायकोला हाक मारली. साधना आतून आली ती डोळे पुसतच.

जूनमध्ये रागिणी गेली. नागपूरच्या विमानतळावर कुलदीप दहा मिनिटंही एका जागी उभा राहिला नाही; गाडी लावायला म्हणून गेला, पाणी आणायला म्हणून गेला, आणि ती आत गेली तेव्हा तो कुठेतरी बाहेर फेऱ्या मारत होता.

आता रविवारी तो जंगलातून उतरला की तिला फोन करतो. बहुतेक रविवारी. ज्या रविवारी फोन येत नाही त्या दिवशी रागिणी दुपारपर्यंत वाट पाहते, पुन्हा पुन्हा फोन उघडून बघते, आणि मग उजव्या घोट्याला पट्टा गुंडाळून त्या अनोळखी गावाबाहेरच्या रस्त्यानं पळायला निघते.